राउझी, रोंडा

राउझी, रोंडा : (१ फेब्रुवारी १९८७ – ). अमेरिकन ज्यूदोपटू, मिश्र युद्धकलेतील (एमएमए) माजी जगज्जेती आणि व्यावसायिक कुस्तीगीर. जन्म कॅलिफोर्निया राज्यातील रिव्हरसाइड येथे. ऑलिंपिकची ज्यूदोची चटई, यूएफसी या एमएमए संस्थेचा अष्टकोनी पिंजरा आणि डब्ल्यूडब्ल्यूई या व्यावसायिक कुस्तीच्या कंपनीचा दोरखंडी आखाडा या तिन्ही ठिकाणी तिने पहिल्या रांगेत स्थान मिळवले. पिंजऱ्यातून आखाड्यात आलेल्या स्त्रियांत तिचे नाव सर्वांत मोठे आहे. मात्र या वाटेने जाणारी ती पहिली किंवा एकटी नव्हे.

पूर्वायुष्य : जन्मतः गळ्याभोवती नाळ गुंडाळली गेल्यामुळे बालपणी तिला बोलण्यात अडचण होती. वडील रॉन यांचे १९९५ मध्ये निधन झाले. आई ॲनमरिया डी मार्स हिने १९८४ मध्ये व्हिएन्ना येथे ज्यूदोचे जागतिक विजेतेपद मिळवले होते. हा मान मिळवणारी ती पहिली अमेरिकन. रोंडाने वयाच्या अकराव्या वर्षी ज्यूदो सुरू केला. सकाळी आई अंथरुणातच आपला हात पेचात धरून आपल्याला उठवत असे, असे तिने अनेकदा सांगितले आहे. पुढे तिची ओळख ठरलेला डाव हाच.

ज्यूदो : २००४ मध्ये ती कनिष्ठ गटात जगज्जेती झाली. त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये १७ व्या वर्षी ६३ किलो गटात उतरली, पण पहिल्याच लढतीत ऑस्ट्रियाच्या क्लाउडिया हाइलकडून हरली. २००७ च्या रिओ दी जानेरो जागतिक स्पर्धेत ७० किलो गटात रौप्य आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक. महिलांच्या ज्यूदोला ऑलिंपिकमध्ये १९९२ पासून अधिकृत स्थान आहे; त्यात पदक मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. पदकाने पोटाचा प्रश्न मात्र सुटला नाही. बीजिंगहून परतल्यावर लॉस एंजेलिसमध्ये तिने दारूच्या गुत्त्यांत आणि उपाहारगृहांत कामे केली, काही काळ मोटारीत झोपून काढला. पुढे पिंजऱ्यात उतरण्याच्या तिच्या निर्णयाचे मूळ या काळात आहे. चरित्रपर लेखनात हा काळ एका ओळीत उरकला जातो, ते बरोबर नाही.

हाताचा पेच : राउझीच्या कारकिर्दीचा विचार या एका डावाभोवतीच करावा लागतो. ज्यूदोत त्याला जुजी-गातामे म्हणतात. प्रतिस्पर्ध्याचा एक हात आपल्या दोन मांड्यांमध्ये घ्यायचा, एक पाय त्याच्या छातीवरून आणि दुसरा मानेवरून टाकायचा, मनगट आपल्या छातीशी घट्ट धरायचे आणि पाठीवर पडायचे. त्याचा अंगठा आभाळाकडे असला पाहिजे. मग कंबर वर उचलायची. कोपर उलट्या दिशेने ताणले जाते आणि समोरच्यापुढे दोनच पर्याय राहतात : थाप मारून हार मानायची, नाहीतर सांधा जाऊ द्यायचा. ज्यूदोत जमिनीवरच्या झटापटीला पंच फार वेळ देत नाहीत, लवकरच उभे करतात. त्यामुळे हा पेच झटक्यात लावण्याची सवय अंगी बाणवावी लागते. राउझी पिंजऱ्यात घेऊन गेली ती ही घाई, आणि तिथल्या मुष्टियोद्ध्या व किक-बॉक्सर तिला तोंड द्यायला तयार नव्हत्या. कंबरेवरून फेकणे, मान-खांदा कवटाळून दाबणे आणि तिथून हात ओढून घेणे, ही साखळी ती काही सेकंदांत पूर्ण करी.

पिंजऱ्यातील कारकीर्द : २७ मार्च २०११ रोजी तिने पहिली व्यावसायिक लढत एडियाने गोमेसविरुद्ध २५ सेकंदांत जिंकली. ३ मार्च २०१२ रोजी ओहायोतील कोलंबस येथे मिशा टेटचा हात पेचात धरून तिने स्ट्राइकफोर्स या एमएमए संस्थेचे बँटमवेट विजेतेपद मिळवले. टेट थाप मारायला लवकर तयार झाली नाही. तिच्या कोपराला इजा झाली. तोपर्यंत यूएफसीत स्त्रियांची एकही लढत झालेली नव्हती आणि स्त्रिया तिथे कधीच लढणार नाहीत, असे संस्थेचे प्रमुख डेना व्हाइट २०११ मध्ये म्हणाले होते. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनीच राउझीला पहिली महिला विजेती घोषित केले. स्त्रियांसाठी दार तिने एकटीने उघडले, असे म्हणणे मात्र जीना करानो आणि क्रिस सायबोर्ग यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. १५ ऑगस्ट २००९ ची त्या दोघींची लढत स्ट्राइकफोर्सच्या कार्यक्रमातली मुख्य लढत होती.

यूएफसीतील महिलांची पहिली लढत २३ फेब्रुवारी २०१३ रोजी ॲनाहाइम येथे झाली. लिझ कारमूश राउझीच्या पाठीवर चढली आणि तिने मान पिळायला सुरुवात केली. राउझीच्या अजिंक्यपणाला पहिला खरा धोका इथे दिसला. तिने स्वतःला सोडवले आणि पहिल्या फेरीच्या ४ मिनिटे ४९ सेकंदांना हाताच्या पेचावर जिंकली. पुढच्या विजयांत सारा मॅकमन (६६ सेकंद), ॲलेक्सिस डेव्हिस (१६ सेकंद), कॅट झिंगानो (१४ सेकंद) आणि बेथ कोरेया (३४ सेकंद) यांचा समावेश होतो. एकूण १२ विजयांपैकी ९ एकाच डावावर मिळालेले आहेत. मल्लविद्येच्या अभ्यासकाला हा आकडा कोणत्याही पट्ट्यापेक्षा बोलका वाटेल.

१४ नोव्हेंबर २०१५ रोजी मेलबर्न येथे ५६,२१४ प्रेक्षकांसमोर होली होल्मच्या लाथेने ती दुसऱ्या फेरीत बेशुद्ध पडली. ३० डिसेंबर २०१६ रोजी अमांडा नुनेसने तिला ४८ सेकंदांत हरवले. यूएफसीतील तिची ही अखेरची लढत. तिच्या घसरणीची कारणे म्हणून प्रशिक्षण, प्रसिद्धीचा ताण आणि उभ्याने ठोसे मारत लढण्याचा हट्ट यांकडे बोट दाखवले जाते. त्यांवर एकमत नाही. लहानपणी ज्यूदो खेळताना डोक्याला लागलेल्या मारांपासून आपल्याला अनेकदा मेंदूला हादरे बसले होते आणि आपण ते लपवले, असे तिने २०२४ च्या आपल्या पुस्तकात लिहिले. हे ध्यानात घेतले तर पिंजरा सोडण्याचा निर्णय पराभवाच्या लाजेपेक्षा शरीराच्या मर्यादेशी अधिक जोडलेला दिसतो. ५ जुलै २०१८ रोजी यूएफसीच्या हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळालेली ती पहिली स्त्री.

आखाड्यातील प्रवेश : व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो. मराठीत तिला नूरा कुस्ती म्हणण्याचा मोह होतो, पण तुलना नेमकी नाही. नूरा कुस्तीत प्रेक्षकाला फसवलेले असते. इथे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि तरीही तो येतो. डब्ल्यूडब्ल्यूईने १९८९ मध्येच न्यू जर्सीच्या विधिमंडळासमोर आपला खेळ रंजन असल्याचे मान्य केले होते. तरीही आपटणे खरे असते, फळ्यांवर पडलेली पाठ खरी असते. पिंजऱ्यात शिकलेल्या माणसाला इथे उलटे शिकावे लागते : पेच लावायचा, पण समोरचीचे कोपर सांभाळायचे, तिला पडायला जागा द्यायची, वेदना शेवटच्या रांगेपर्यंत पोचतील असे स्वतः कोसळायचे. चौदा सेकंदांत संपवण्याची सवय असलेल्या खेळाडूसाठी वीस मिनिटे टिकवणे ही मोठी कसरत आहे.

राउझीचा या आखाड्याशी संबंध जुना. तिला घडवणाऱ्यांपैकी जीन लेबेल हा स्वतः अमेरिकेचा राष्ट्रीय ज्यूदो विजेता आणि व्यावसायिक कुस्तीगीर होता. कुस्तीगीर रॉडी पायपर हा लेबेलचा शिष्य. त्याचे ‘राउडी’ हे टोपणनाव त्याच्या परवानगीने राउझीने घेतले. पायपर ३१ जुलै २०१५ रोजी वारला. दुसऱ्याच दिवशी रिओ दी जानेरोत राउझीने कोरेयाला हरवले. २८ जानेवारी २०१८ रोजी फिलाडेल्फियात डब्ल्यूडब्ल्यूईची रॉयल रंबल ही लढत संपताच ती आखाड्यात आली, तेव्हा तिच्या अंगावर पायपरचे कातडी जाकीट होते. पायपरच्या मुलाने ते तिला दिले होते. त्या रात्री ती लढली नाही, काही बोललीही नाही. रेसलमेनिया या डब्ल्यूडब्ल्यूईच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमाच्या फलकाकडे तिने बोट दाखवले, तेवढे पुरेसे होते. (याआधी २९ मार्च २०१५ रोजी रेसलमेनिया ३१ मध्ये ती द रॉकसोबत पाहुणी म्हणून आली होती.)

८ एप्रिल २०१८ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे रेसलमेनिया ३४ मध्ये तिची पहिली लढत झाली. जोडीला कर्ट अँगल, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचा कुस्तीतील सुवर्णपदकविजेता. समोर ट्रिपल एच आणि स्टेफनी मॅकमन. शेवटी स्टेफनीने हाताच्या पेचात थाप मारली. नवख्या खेळाडूची इतकी तयार पहिली लढत विरळाच. तिच्याभोवती तीन अनुभवी माणसे उभी केली होती हे खरे, पण वेळ साधणे तिचे तिलाच जमवावे लागले, आणि तिने ते जमवले.

१९ ऑगस्ट २०१८ रोजी तिने ॲलेक्सा ब्लिसकडून डब्ल्यूडब्ल्यूईच्या रॉ या कार्यक्रमाचे महिला विजेतेपद घेतले. २८ ऑक्टोबरच्या इव्होल्यूशन या केवळ महिलांच्या कार्यक्रमात निकी बेलाविरुद्धची तिची लढत मुख्य होती. नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिस या तिच्या स्वतःच्या शहरात शार्लट फ्लेअर तिला छडीने झोडपत असताना प्रेक्षकांनी फ्लेअरला दाद दिली. हे तिला लागले असावे; पुढे तिच्या बोलण्यात प्रेक्षकांविषयी कडवटपणा आला. ७ एप्रिल २०१९ रोजी न्यू जर्सीतील मेटलाइफ स्टेडियममध्ये राउझी, फ्लेअर आणि बेकी लिंच यांची तिहेरी लढत झाली. रेसलमेनियाची सांगता महिलांच्या लढतीने होण्याची ही पहिली वेळ. राउझीने पायपरच्या नावाचा उचल-फेक डाव टाकला, लिंचने तो उलटवून तिची पाठ टेकवली. तिचा एक खांदा वर होता की नाही, यावर वाद आहे. या लढतीत राउझीच्या हाताचे हाड मोडले.

यानंतर ती आखाड्यापासून दूर राहिली. २०२० मध्ये एका मुलाखतीत तिने या लढतींना खोट्या म्हटल्याने सहकारी कुस्तीगीर दुखावले. २९ जानेवारी २०२२ रोजी सेंट लुइस येथे ती परतली आणि महिलांची रॉयल रंबल जिंकली. नंतर डब्ल्यूडब्ल्यूईच्या स्मॅकडाउन या कार्यक्रमाचे महिला विजेतेपद दोनदा.

चित्रपट : द एक्स्पेंडेबल्स ३ (२०१४), फ्युरियस ७ (२०१५), माइल २२ (२०१८).

ग्रंथलेखन : माय फाइट/युअर फाइट (२०१५), आवर फाइट (२०२४).

कौटुंबिक : २०१७ मध्ये लढवय्या ट्रॅव्हिस ब्राउनशी विवाह. दोन मुली.

समांतर वाटचाल : शेना बॅझलर (जन्म १९८०, सू फॉल्स, साउथ डकोटा) हिच्याशिवाय ही नोंद अपुरी राहील. ती २००३ पासून पिंजऱ्यात लढत होती, म्हणजे राउझीच्या पुष्कळ आधी. जॉश बार्नेटकडे तिने कॅच कुस्ती शिकली. जुन्या जत्रांतल्या या कुस्तीतूनच आजची व्यावसायिक कुस्ती उगवली, म्हणून बॅझलरचे आखाड्यात येणे हे एका अर्थी माहेरी येणे होते. २०१३ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका यूएफसी स्पर्धेत राउझी प्रशिक्षक होती आणि तिने सर्वांत आधी बॅझलरला निवडले. यूएफसीतील दोन्ही लढती बॅझलर हरली. आखाड्यात मात्र तिने खालून सुरुवात केली, जपानपर्यंत जाऊन घाम गाळला, २०१७ च्या मे यंग क्लासिक स्पर्धेत अंतिम फेरी गाठली (याच स्पर्धेत हरियाणाची वेटलिफ्टर कविता देवी खेळली होती) आणि डब्ल्यूडब्ल्यूईच्या एनएक्सटी या विभागाचे महिला विजेतेपद दोनदा मिळवले. दुसऱ्यांदा ते तिच्याकडे ४१६ दिवस होते. प्रसिद्धी राउझीला मिळाली, पण आखाड्याचा धडा बॅझलरने अधिक मुरवला, असे येथे नोंदवणे योग्य होईल.

मे २०२३ मध्ये दोघींनी मिळून डब्ल्यूडब्ल्यूईचे महिला जोडी विजेतेपद घेतले. ५ ऑगस्ट २०२३ रोजी डेट्रॉइट येथील समरस्लॅममध्ये त्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, तेही एमएमएच्या नियमांनी. बॅझलरने मानेचा आवळपेच घालून राउझीला हरवले. डब्ल्यूडब्ल्यूईतील राउझीची ती शेवटची लढत ठरली.