सोळा की अठरा? चाकाच्या मापाची फौजी गोष्ट

आमचे जेसीओ आणि जवान निवृत्तीनंतर नवी एसयूव्ही घ्यायला निघाले की एक प्रश्न हमखास विचारतात: "साहेब, सोळा इंची चाकं घेऊ की अठरा?" शोरूमचं उत्तर ठरलेलं असतं. मोठं चाक, जास्त चमक, जास्त पैसे. फौजेने या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात ऐंशीहून जास्त वर्षं घालवली आहेत आणि त्याची किंमत काही वेळा माणसांच्या जिवाने मोजली आहे. म्हणून आज त्याचा इतिहास.

सुरुवात जीपपासून करू. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. कारखाने वेगळे, पण टायरचं माप एकच: ६.००-१६. म्हणजे टायरची रुंदी सहा इंच आणि रिमचा व्यास सोळा इंच. उंची लिहायची गरज नव्हती, कारण त्या काळी टायरची उंची जवळपास रुंदीइतकीच असे. सोळा इंच रिम, वर सहा आणि खाली सहा, असं अठ्ठावीस इंचांचं म्हणजे साधारण ७११ मिलिमीटरचं चाक झालं. आजच्या नजरेला ते सायकलसारखं किरकोळ वाटेल. पण गाडीचं वजन जेमतेम अकराशे किलो होतं. अरुंद टायर चिखलाचा वरचा थर कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचे. नक्षी अशी की पुढे आणि मागे सारखीच पकड. लष्करी रिम दोन भागांची, बोल्टने जोडलेली, म्हणजे जंगलात कारागीर नसला तरी दोन जवान टायर बदलू शकत. शिवाय चारही चाकं आणि स्टेपनी एकाच मापाची, त्यामुळे एका निकामी जीपचं चाक काढून दुसरी जीप चालवता येई. फौजेच्या दृष्टीने मापाचा पहिला नियम हाच: पुढचा टायर कुठे मिळणार?

१९४२ मध्ये हा प्रश्न सगळ्या जगाला पडला. जपानने मलाया घेतला आणि दोस्तराष्ट्रांचं रबर तुटलं. टायर झिजू नयेत म्हणून अमेरिकेने देशभर ताशी ३५ मैलांची वेगमर्यादा घातली.

दुसरा नियम वाळवंटाने शिकवला. राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश अधिकारी १९२० आणि ३० च्या दशकांत सुट्ट्या काढून फोर्ड गाड्यांतून लिबियाच्या वाळवंटात फिरला. वाळूत गाडी रुतते तेव्हा जास्त ताकदीपेक्षा कमी हवा उपयोगी पडते, हे त्याने अनुभवाने पक्कं केलं. १९४० मध्ये इजिप्तमध्ये त्याने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला तो याच ज्ञानावर. पुढे आपल्या घोडदळाच्या रेजिमेंटांमधल्या जवानांचं इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन याच ग्रुपसोबत वाळवंटात उतरलं.

यामागचं गणित साधं आहे. टायर जमिनीला जेवढा टेकतो ते क्षेत्रफळ ढोबळमानाने वजन भागिले हवेचा दाब इतकं असतं. दोन टनांच्या गाडीच्या एका चाकावर ५०० किलो धरा. हवा ३५ पौंड असेल तर टेकणारी जागा सुमारे २०० चौरस सेंटिमीटर. तीच हवा १८ पौंडांवर आणली की ती ४०० च्या घरात जाते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. टायर मुख्यतः लांबीत पसरतो आणि वाळूवरून तरंगत जातो. मात्र त्यासाठी रबराला दबायला जागा हवी. ती जागा म्हणजे टायरची बाजूची भिंत, म्हणजेच साइडवॉल. भिंत बुटकी असेल तर हवा कमी केली की रिमच खाली आपटते.

वाळवंटात रुतलेली गाडी म्हणजे शत्रूसाठी मांडून ठेवलेलं लक्ष्य. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालावर चालून आलेल्या पाकिस्तानी तुकडीची बरीच वाहनं मऊ वाळूत रुतली आणि उजाडल्यावर जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांच्या तावडीत सापडली. त्याच दिवसांत लेफ्टनंट कर्नल सवाई भवानी सिंह यांच्या नेतृत्वाखाली १० पॅरा कमांडोचे जवान जीप आणि जोंगा घेऊन थरच्या वाळूतून रात्रीच्या अंधारात सीमेपलीकडे खोल गेले आणि त्यांनी छाछरोवर धाड घातली. वाळू दोन्हीकडे सारखीच होती. फरक हलक्या गाड्यांचा, चांगल्या चालकांचा आणि आधी केलेल्या सरावाचा होता.

सहा वर्षं आधी, सप्टेंबर १९६५ मध्ये, असल उत्तरला हाच धडा चिखलात गिरवला गेला होता. आपल्या बाजूने शेतांत पाणी सोडलं आणि पॅटन रणगाडे दलदलीत अडकू लागले. ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद मात्र जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ घेऊन जागा बदलत राहिले. एकामागून एक रणगाडे टिपताना १० सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या पराक्रमाचं श्रेय टायरला देणं हा मूर्खपणा ठरेल. पण गाडी हलती राहिली तरच शूर माणसाला आपलं काम करता येतं.

जीप आणि जोंगानंतर जिप्सी आली. तिच्या टायरवर एफ७८-१५ असं लिहिलेलं असे. नव्या भरतीच्या चालकांना ते कोडंच वाटायचं. एफ म्हणजे भार पेलण्याची श्रेणी, ७८ म्हणजे रुंदीच्या तुलनेत उंचीची टक्केवारी आणि १५ म्हणजे रिमचे इंच. आज तेच २०५/७५ आर१५ च्या आसपास येतं: रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत, रिम इंचांत आणि 'आर' म्हणजे रेडियल. एका ओळीत तीन परिमाणं, कारण प्रत्येक पिढीने जुनं न पुसता नवं जोडलं. या मापाचं चाक साधारण ६८९ मिलिमीटरचं होतं. गंमत बघा, २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीचा टायर १९५/८० आर१५ आहे, म्हणजे ६९३ मिलिमीटर. चाळीस वर्षांत फरक चार मिलिमीटरचा!

आता मूळ प्रश्नाकडे. उदाहरण २०२० च्या थारचं घेऊ. तिला दोन मापं मिळत: २४५/७५ आर१६ आणि २५५/६५ आर१८. पहिल्याचा एकूण व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर, दुसऱ्याचा ७८९. फरक दोन टक्क्यांहून कमी. म्हणजे अठरा इंची चाक बाहेरून फारसं मोठं नसतंच. त्यात लोखंड जास्त आणि रबर कमी असतं. सोळाची भिंत १८४ मिलिमीटर, अठराची १६६. रुंदीत मिळालेले दहा मिलिमीटर म्हणजे चार टक्के. हवा कमी करून टेकणारी जागा दुप्पट होते, हे आपण वर पाहिलंच.

अठराची बाजूही सांगतो. बुटकी भिंत वळणावर कमी झुकते, स्टीअरिंगला चटकन प्रतिसाद मिळतो, मोठ्या ब्रेक डिस्कला जागा होते. ज्याचं आयुष्य पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर जाणार आहे त्याने ते खुशाल घ्यावं. पण कोकणातल्या जांभ्या दगडाच्या वाटेवर, मराठवाड्यातल्या काळ्या मातीत किंवा खड्ड्यांनी भरलेल्या तालुक्याच्या रस्त्यावर रिम वाचवते ती उंच भिंत. पावसाच्या साचलेल्या पाण्यावरही रुंद टायर अरुंदापेक्षा आधी तरंगू लागतो.

लेह-लडाखला गाडी नेणाऱ्यांसाठी एक सूचना. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब घटतो. समुद्रसपाटीवर भरलेला टायर लेहच्या साडेतीन हजार मीटरवर मीटरमध्ये सुमारे पाच पौंड जास्त दाखवेल, आणि पहाटेची थंडी त्यातले काही परत घेईल. म्हणून तिथे पोचल्यावर सकाळी, टायर थंड असताना, हवा तपासा. आणि वाळूसाठी हवा कमी केली असेल तर डांबरी रस्त्यावर वेग घेण्याआधी ती पुन्हा भरा. मऊ टायर वेगात तापतो आणि फुटतो.

तेव्हा दुकानात उभे असाल तर तीन प्रश्न विचारा. माझा सर्वात वाईट रस्ता कोणता? या मापाचा टायर माझ्या तालुक्याच्या गावी मिळतो का? आणि स्टेपनी उरलेल्या चार चाकांच्याच मापाची आहे का? तीनही उत्तरं एकाच मापाकडे बोट दाखवत असतील तर तेच घ्या, मग ते दिसायला कितीही साधं असो.

जय हिंद.