तबकडीवांचूनची कीर्ति

भाऊराव कोल्हटकर १९०१ सालच्या फेब्रुवारींत निवर्तले. आणि ग्रामोफोन कंपनीचे मुद्रक आपलें साहित्य घेऊन प्रथम कलकत्त्यास उतरले ते १९०२ च्या अखेरीस. अवघ्या पावणेदोन वर्षांचें हें अंतर! पण तेवढ्यामुळें किर्लोस्कर नाटक मंडळींतील ज्या आवाजावर एक सबंध पिढी लुब्ध होती, त्याचा एकहि स्वर आपल्या कानांपर्यंत पोंचूं शकला नाहीं. असें असूनहि भाऊरावांविषयींचा वाद थांबला नाहीं. बालगंधर्वांच्या ऐन अमदानींत जुने प्रेक्षक भाऊरावांची थोरवी सांगत, आणि ज्यांनीं भाऊरावांस पाहिलेंहि नव्हतें असे तरुण त्यांच्याशीं हिरिरीनें भांडत. पुरावा कोणापाशींच नव्हता. एका बाजूस स्मृति होती, दुसऱ्या बाजूस अविश्वास होता.

श्रोतेहो, अशाच एका पुराव्यावांचून चाललेल्या खटल्याची हकीकत आज मी सांगणार आहें. ती नाटक मंडळीची नव्हे. १९७० सालच्या आगेंमागें मुंबईंत विजेच्या गिटारींवर इंग्रजी गाणीं वाजविणारीं तरुणांचीं पथकें निघालीं, त्यांपैकीं एकाची ती आहे. पथकाचें नांव 'वेल्व्हेट फॉग', म्हणजे मखमली धुकें. आपणांपैकीं पुष्कळांनीं हें नांव ऐकलेंहि नसेल, आणि त्यांत आपला दोष नाहीं. परंतु या नांवावरून आमच्या गांवांत आजहि दोन पक्ष पडतात.

आमचें रेडी हें वेंगुर्लें तालुक्याच्या दक्षिण टोंकाचें गांव. एका अंगास यशवंतगड, दुसऱ्या अंगास लोखंडाच्या खाणींची तांबडी माती, आणि तेरेखोलची खाडी ओलांडली कीं गोवा. शेजारच्या शिरोड्यास वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शाळामास्तर होते. त्यामुळें या टापूंत मास्तरानें साहित्याविषयीं बोललेलें लोक ऐकून घेतात. संगीताविषयीं बोललेलें ऐकून घेतात कीं नाहीं, तें आज कळेलच.

असल्या गांवीं मुंबईच्या इंग्रजी पथकाचा वाद शिरला कसा? वाटा दोन होत्या. पहिली चाकरमान्यांची. गिरण्यांत, गोदींत, कचेऱ्यांत नोकरीस असलेले आमचे लोक चतुर्थीला गांवीं येत, तेव्हां त्यांचीं कॉलेजांत जाणारीं मुलें मानेपर्यंत केस वाढवून बरोबर येऊं लागलीं, आणि आरतीच्या झांजा खालीं ठेवल्या न ठेवल्या तोंच त्यांच्यांत या पथकांचीं नांवें निघूं लागलीं. दुसरी वाट खाडीपलीकडची. पोर्तुगीज अमदानींत 'एमिसोरा द गोवा' हें नभोवाणी केंद्र चालत असे. १९६१ च्या डिसेंबरांत ती अमदानी संपली आणि पुढें तेथें आकाशवाणीचें पणजी केंद्र आलें. खाडीपलीकडचें हें केंद्र आमच्या घरीं स्वच्छ लागे, आणि पाश्चात्त्य संगीताचा कार्यक्रम सुरू झाला कीं वडील मंडळींचा हात कळीपर्यंत पोंचण्याच्या आधीं मुलांच्या कानांवरून कांहींतरी जाई. शिवाय डबलबारी भजनाला बसून दोन बुवांत उजवा कोण, याचा निवाडा पहाटेपर्यंत करणाऱ्या गांवास वाद घालावयास कोणीं शिकवावा लागत नाहीं.

आतां हें संगीत कोणतें, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. 'प्रोग्रेसिव्ह रॉक' या प्रकाराचें मूळ कलेइतकेंच कारखान्यांतहि आहे. जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपे. रंगभूमीवर 'वन्समोअर' घेत लांबत जाणारें नाट्यपद तिच्यांत कसें कोंबून बसवावें लागे, हें जुन्या तबकड्या ज्यांनीं ऐकल्या आहेत त्यांस सांगणें नको. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटास सवातेहतीस-साडेतेहतीस फेऱ्यांच्या गतीनें फिरणारी दीर्घ तबकडी बाजारांत आणली, आणि तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावूं लागलें. जागा मिळाली, तेव्हां ती भरण्याची उमेदहि आली. किंग क्रिम्सन, येस, जेनेसिस, जेथ्रो टल या इंग्रज पथकांनीं १९६९ नंतरच्या चारपांच वर्षांत नाचाचें गाणें मागें टाकून लांबलचक रचना बांधण्यास आरंभ केला. जेथ्रो टलनें तर १९७२ सालीं दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटांहून लांब अशी एकच रचना सबंध तबकडीवर दिली. (मूळ जेथ्रो टल हा अठराव्या शतकांतील एक इंग्रज शेतकरी, पेरणीच्या यंत्राबद्दल त्याची ख्याति. आमची पाभर त्याच्याहून पुष्कळ जुनी, पण तिच्या नांवाचें पथक अद्याप कोणीं काढल्याचें ऐकिवांत नाहीं.) लय मध्येंच बदलणें, पांच किंवा सात मात्रांचीं चक्रें घेणें, दोन कडव्यांच्या मध्यें कितीतरी वेळ नुसतीं वाद्येंच खेळविणें, हीं या रीतीचीं लक्षणें. रूपकाच्या सात मात्रा डोळे मिटून मोजणाऱ्या आपल्या श्रोत्यास त्यांत नवल वाटण्याचें कारण नव्हतें. परंतु तो श्रोता आणि हें संगीत यांची गांठच पडली नाहीं.

मुंबईच्या तरुणांची मात्र पडली. परदेशी वाद्यें आणि ध्वनिवर्धक आयात करणें त्या काळीं अवघड व महाग असे. परदेशी तबकड्याहि हातोहात फिरत. एक तबकडी आणावयाची, ती झिजेपर्यंत ऐकावयाची, आणि स्वरलिपीवांचून, केवळ कानानें, एकेक वाद्य वेगळें काढून बसवावयाचें, अशी ही तालीम होती. १९७० आणि १९७१ या दोन्ही वर्षीं 'सिमला' या नांवाच्या सिगारेटींच्या जाहिरातीसाठीं पथकांच्या अखिल भारतीय चढाओढी झाल्या व त्यांतील निवडक गाण्यांच्या तबकड्या निघाल्या; मद्रास, बंगलोर, शिलाँग येथपर्यंतचीं पथकें त्यांत आहेत. तंबाखूच्या पैशानें संगीताचा इतिहास जपला जावा, हा एक चमत्कारिक योग खरा. १९७१ सालींच लोणावळ्याजवळ मळवलीस 'स्नेहयात्रा' नांवाचा या तरुणांचा मोठा मेळावा झाला. भाज्याचीं लेणीं तेथून हांकेवर आहेत.

परंतु स्वतःच्या नांवाची दीर्घ तबकडी यांतल्या फारच थोड्या पथकांच्या नशिबीं आली. तबकड्यांचा धंदा चित्रपटगीतांवर चाले. इंग्रजींत गाणाऱ्या देशी मुलांचीं गाणीं घेणार कोण? म्हणून वेल्व्हेट फॉगच्या मैफलींत लोकांनीं जें ऐकलें, तें ऐकणाऱ्यांपाशींच राहिलें.

या पथकांत गाणारे नंदू भेंडे हे आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या नाट्यदांपत्याचे चिरंजीव. बबन प्रभूंच्या फार्सांनीं ज्या आत्माराम भेंड्यांनीं मराठी प्रेक्षकांस पोट धरधरून हंसविलें, त्यांच्याच घरांतील मुलानें इंग्रजी रॉक संगीत उचलावें, याचें तेव्हां पुष्कळांस आश्चर्य वाटलें. १९७४ सालीं अलेक पदमसी यांनीं 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हें संगीतक मुंबईंत उभें केलें. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस या दोघां इंग्रजांची ही कृति १९७० सालीं आधीं तबकडीच्या रूपानें निघाली आणि मग रंगभूमीवर आली. नाटकाच्या आधीं त्याचीं गाणीं लोकांच्या तोंडीं, असा हा उलटा क्रम. त्यांतील ज्यूडासची भूमिका नंदू भेंडे यांनीं केली. ती भूमिका फार उंच पट्टींत, कित्येक ठिकाणीं किंचाळीच्या सीमेवर गावयाची असते.

आणि येथेंच आमच्या रेडीच्या वादाचें मर्म आहे. तो प्रयोग पाहून आलेले दोन चाकरमानी आमच्या वाडींत आहेत. एक म्हणतात, वरच्या जागेवर त्यांचा आवाज फाटला. दुसरे म्हणतात, फाटला नाहीं, मुद्दाम फाडला. ज्यूडासाच्या मनांत जी तडफड आहे ती गोड गळ्यानें दाखवितां येतच नाहीं. हा तंटा कित्येक चतुर्थ्यांना मीं ऐकला आहे. वरकरणी तो एका आवाजाचा आहे. वास्तविक तो संगीताच्या व्याख्येचा आहे. सुरेलपणा हाच गुण मानणाऱ्यास तें सगळें पथकच नापास ठरतें, आणि आशय पोंचविणें हा गुण मानणाऱ्यास तें वरच्या वर्गांत जातें.

विरोधी पक्षाचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. परक्यांचीं गाणीं हुबेहूब वाजविणें यांत पुरुषार्थ तो कोणता? मला या आक्षेपाची कदर आहे. पण मराठी माणसानें तो जपून घ्यावा. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, तेव्हां त्यांतील कितीतरी चाली दुसरीकडून उचललेल्याच होत्या, आणि पुढें आमच्या नाट्यसंगीताच्या अंगांत भिनलेली पेटी व ऑर्गन हीं तर सरळ विलायतेहून आलेलीं वाद्यें. त्या पेटीवर आकाशवाणीनें १९४० पासून सुमारें तीस वर्षें बहिष्कार घातला होता. श्रुति मोडते, मींड निघत नाहीं, वाद्य परकें आहे, असे आक्षेप होते, आणि ते घेणाऱ्यांत जॉन फोल्ड्स या नांवाचा इंग्रज संगीतकारहि होता, ही त्यांतली मौज! आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटे नव्हते. तरी गोविंदराव टेंब्यांची पेटी ज्यांनीं ऐकली, त्यांनीं शास्त्र बाजूस ठेवून माना डोलाविल्याच. तेव्हां एखादें वाद्य किंवा रीत बाहेरून आली, एवढ्यावरून निकाल देतां येत नाहीं. इकडे आल्यावर तिचें काय झालें, तें पाहावें लागतें.

आमच्यांतील एक गृहस्थ निराळ्याच कारणानें चिडतात. तरुणपणीं त्यांनीं गिटारीच्या नादानें बी. कॉम. चें वर्ष घालविलें, आणि वडिलांनीं ती गिटार माळ्यावर टाकून दिली. वडील आतां नाहींत, मुलानें साठी ओलांडली. पण वादाला बसले कीं हे चिरंजीव वडिलांच्याच बाजूनें बोलतात, आणि तेहि वडिलांच्याच शब्दांत. अशा साक्षीदाराची उलटतपासणी करण्यास माझें मन घेत नाहीं.

नव्या पिढीनें या वादांत एक प्रतिस्पर्धी आणून बसविला आहे. मुंबईंतच 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' म्हणून दुसरें पथक होतें. त्याची 'ऑब्सेशन ७७' ही दीर्घ तबकडी निघाली, ती आपल्याकडे विस्मृतींत गेली, आणि २०११ सालीं अमेरिकेंतील नाउ-अगेन कंपनीनें त्या पथकाचें संगीत पुन्हा प्रसिद्ध केलें. जुन्या तबकड्यांचे शोकीन तेव्हांपासून तिची स्तुति करूं लागले. आमच्या गांवच्या इंजिनिअर झालेल्या एका मुलानें ती मला ऐकविली. वाद्यें भरदार आहेत, आणि परक्या गाण्यांच्या शेजारीं स्वतःची रचनाहि आहे. मुलगा म्हणाला, "सर, ऐकायला मिळतंय तेंच खरं. बाकीच्या सगळ्या आजोबांच्या गोष्टी." मीं त्यास भाऊराव कोल्हटकरांचें नांव ठाऊक आहे काय, असें विचारलें. नव्हतें.

तरी त्याच्या बोलण्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणत नाहीं. एका पथकाची तबकडी उरली, दुसऱ्याचा गायक पुढें गेला. दोहोंची तुलना सरळ होऊं शकत नाहीं. माझ्या मतें वेल्व्हेट फॉगचा खरा निकाल त्याच्या मैफलींत लागला नाहींच, तो १९७८ सालीं पुण्याच्या थिएटर अकॅडेमीच्या रंगमंचावर लागला. त्या वर्षीं पु. ल. देशपांडे यांचें 'तीन पैशाचा तमाशा' जब्बार पटेल यांनीं दिग्दर्शित केलें. जॉन गे याचा 'बेगर्स ऑपेरा' १७२८ सालचा. त्यावरून बर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनीं बरोबर दोनशें वर्षांनीं, १९२८ सालीं, बर्लिनमध्यें 'थ्रीपेनी ऑपेरा' केला. आणि त्यावरून अर्ध्या शतकानें हा मराठी तमाशा. त्याच्या संगीतांत भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि स्वतः नंदू भेंडे यांचा हात होता. नाट्यपद, लावणी आणि पाश्चात्त्य धाटणीचें गाणें एकाच नाटकांत शेजारीं बसलें, आणि मुंबईच्या इंग्रजी मैफलींत तयार झालेला तो गळा मराठी शब्द घेऊन मराठी प्रेक्षकांसमोर उभा राहिला. जुन्या नाट्यसंगीताच्या चाहत्यांनीं नाकें मुरडलीं. तरुणांनीं पुनःपुन्हा तिकिटें काढलीं. पथकांत राहून नंदू भेंडे इंग्रजींतच गात राहते, तर त्यांचें नांव मीं आज घेतलें असतें कीं नाहीं याची मला शंका आहे. पण त्या पथकांत घासल्यावांचून तो गळा तसा झाला नसता, याविषयीं मात्र शंका नाहीं.

नंदू भेंडे २०१४ सालच्या एप्रिलमध्यें वारले. १९७४ सालीं ज्यांनीं त्यांस ज्यूडास म्हणून ऐकलें, ते प्रेक्षक आज सत्तरीच्या घरांत आहेत, कित्येक त्यापलीकडे गेले आहेत. भाऊरावांचे प्रेक्षकहि असेच एकामागून एक गेले, आणि त्यांनीं काय ऐकलें तें फारच थोड्यांनीं लिहून ठेवलें. म्हणून मीं गेल्या चतुर्थीपासून एक दोनशेपानी वही घातली आहे. मुंबईचीं तीं पथकें ज्यांनीं ज्यांनीं ऐकलीं, त्या रेडीकरांनीं साल कोणतें, सभागृह कोणतें, काय ऐकलें, काय रुचलें आणि काय रुचलें नाहीं, एवढें आपल्या हातानें लिहून खालीं सही करावयाची. आतांपर्यंत बारा पानें भरलीं आहेत. सभागृहांचीं नांवें बहुतेक जुळतात, सालें एखाद्या वर्षानें मागेंपुढें होतात. आवाजाविषयीं दोघांचेंहि एकमत नाहीं, आणि सातव्या पानावर तर एकाच्या मजकुरावर दुसऱ्यानें पेन्सिलीनें 'साफ खोटें' असा शेरा मारून ठेवला आहे. तो मीं खोडलेला नाहीं.