खोताच्या वाडीला सर्वसाधारण सभा असती तर...

स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहा" असं समितीने सांगितलं, तेव्हा मी हसून म्हटलं, पंचवीस वर्षांच्या सोसायटीचा इतिहास तो कितीसा असणार! मग लक्षात आलं की आपल्यापैकी बरीच कुटुंबं मूळची गिरगावची. मीही तिथल्याच चाळीत वाढलो. म्हणून आज तिथल्या एका छोट्या वस्तीची गोष्ट सांगतो. ही गोष्ट आपल्या उपयोगाची का आहे, ते शेवटी येईलच.

गिरगाव म्हणजे वाड्यांचं गाव. फणसवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, झावबावाडी. पुढे या वाड्यांत चाळी उभ्या राहिल्या आणि चाळींबरोबर एक संस्कृतीही. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सव आपल्याला ठाऊक आहेच. या सगळ्या चाळींच्या मधोमध, जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून आत वळलं, की खोताची वाडी लागते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या मालकीची ही जमीन. त्यांनी तिचे तुकडे प्रामुख्याने ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले. नाव 'ईस्ट इंडियन' असलं तरी ही मंडळी इथलीच, मुंबई-साष्टी-वसईची मूळ रहिवासी आणि घरात मराठी बोलणारी. पोर्तुगीज काळात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, अधिकृतपणे घेतलं. गोवा आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, हे सांगण्यासाठी. म्हणजे जमीन प्रभूंची, घरं ख्रिस्ती कुटुंबांची आणि आजूबाजूला चाळकरी मराठी वस्ती. असा शेजार इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदला.

वाडीतली घरं बैठी किंवा एकमजली. लाकडी खांब, पुढे व्हरांडा, वर कौलं, आणि कित्येक घरांना माडीवर जाणारा जिना बाहेरून. गल्ली इतकी अरुंद की चालणाऱ्याला व्हरांड्यात बसलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नसे. आम्ही मुलं मे महिन्यात तिथून गेलो की बाटली मसाल्यासाठी वाळत घातलेल्या मिरच्यांनी शिंकत सुटायचो. नाताळात क्रूसापुढे मेणबत्त्या आणि घराघरावर कागदी चांदण्या. तिथलंच 'अनंताश्रम' माशांच्या जेवणासाठी साऱ्या मुंबईत प्रसिद्ध होतं. तेही आता बंद होऊन बरीच वर्षं झाली.

एके काळी वाडीत अशी ६५ घरं होती. आज तिसाच्या आत उरली आहेत.

यावर कोणी म्हणेल, "मग सरकार काय करत होतं?" सरकारने काहीच केलं नाही, असं मात्र नाही. वारसा जपण्यासाठी नियम करणाऱ्या देशातल्या शहरांमध्ये मुंबई अगदी पुढे होती. १९९५ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ६७ क्रमांकाचा नियम आला. महत्त्वाच्या इमारतींची यादी झाली, त्यांच्या तीन श्रेणी ठरल्या आणि महापालिका आयुक्तांना सल्ला द्यायला वारसा संवर्धन समिती नेमली गेली. सुट्या इमारतींबरोबर अख्खे परिसरही या संरक्षणाखाली आणता आले, ही त्यातली मोठी गोष्ट. खोताची वाडी अशीच वारसा परिसर मानली गेली. पुढे २०१८ मध्ये नवी नियमावली आली, तिच्यातही हे कलम आहे. फक्त त्याचा क्रमांक आता ५२.

तरीही घरं गेली, ती का?

एक कारण नियमातच आहे. पहिल्या श्रेणीच्या इमारतीला जवळजवळ हात लावता येत नाही. तिसऱ्या श्रेणीत मात्र आत-बाहेर बदल करता येतात आणि परवानगी मिळाली तर नवं बांधकामही होऊ शकतं. दुसरं कारण पैशाचं. लाकडी घराची डागडुजी महाग, जुन्या कामाचे सुतार मिळत नाहीत, आणि दर पावसाळ्यात कौलं फेरावी लागतात. त्यात एका घराचे पाच-सात वारस, दोघे परदेशात, एक वसईला. वारसा इमारतीच्या मालकाला जागेवर न वापरता आलेलं बांधकाम दुसरीकडे वापरण्याचा किंवा विकण्याचा हक्क, म्हणजे टीडीआर, देण्याची तरतूद आहे. पण वाडीतल्या एवढ्याशा घराच्या म्हाताऱ्या मालकाने त्यासाठी किती कचेऱ्या पालथ्या घालायच्या? त्यापेक्षा दाराशी आलेला बिल्डर सोपा वाटतो. त्या मालकाला मी तरी दोष देणार नाही.

तिसरं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. प्रत्येक घर स्वतंत्र मालकीचं. विकायचा निर्णय एकेका घराचा आणि परिणाम मात्र सगळ्या वाडीवर. एक उंच इमारत उभी राहिली की शेजारच्या चार व्हरांड्यांवरचं ऊन जातं, गल्लीत गाड्या येतात आणि पाचव्या घराचाही जीव उडतो. वाडीपण हे कुठल्याच एका घरात नसतं. ते घरांच्या मधल्या जागेत असतं, आणि त्या मधल्या जागेच्या वतीने बोलणारं कोणी नसतं. तिथल्या काही रहिवाशांनी एकत्र येऊन आवाज उठवला, उत्सव भरवले, लोकांना वाडी दाखवली. आज जे उरलं आहे त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण त्यांच्या हातात मनधरणीखेरीज फारसं काही नव्हतं. थोडक्यात, खोताच्या वाडीला नियम होते, पण सर्वसाधारण सभा नव्हती.

गंमत बघा. याच वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, गावदेवीला, १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटी स्थापन झाली. देशातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून ती ओळखली जाते. श्रीपाद सुबराव तालमकी यांच्यासारख्या माणसांनी तिचा पाया घातला. घर आपलं, पण आवार सगळ्यांचं, आणि आवाराचा निर्णय सगळ्यांनी बसून घ्यायचा, हा या पद्धतीचा गाभा. वाडीला जे मिळालं नाही, ते आपल्याला पंचवीस वर्षांपूर्वी नोंदणीच्या दिवशीच मिळालं आहे.

आता आपल्याकडे येतो. आपल्या इमारती काही वारसा यादीत जाणार नाहीत, जायला नकोतही. गच्ची गळते, लिफ्ट अडकते, वरच्या मजल्यावरच्या आजींना त्रास होतो. पुनर्विकासाचा विषय आज ना उद्या येणारच आणि तो यायलाही हवा. २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे त्याला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. म्हणजे उरलेल्या ४९ टक्क्यांना जे जपायचं आहे, ते आधीच बोलून ठरवायला हवं. एकदा चर्चा सुरू झाली की ती कार्पेट एरिया, कॉर्पस आणि भाडं या तीन शब्दांतच फिरते, हे आसपासच्या सोसायट्यांत आपण पाहतोच आहोत.

म्हणून माझी एक सूचना आहे. टेंडर निघण्याआधी एका सभेत फक्त एवढंच लिहून काढू, की नव्या इमारतीत काय राहिलंच पाहिजे. दोन विंगच्या मधलं अंगण, जिथे गणपती बसतो आणि मुलं क्रिकेट खेळतात. पंपाजवळचा आंबा. गेटाशेजारचा कट्टा, जिथे संध्याकाळी ज्येष्ठ मंडळी बसतात. हे इतिवृत्तात आलं, ठराव झाला आणि तोच मजकूर करारात उतरला, तर बिल्डरला तो पाळावा लागेल. नुसतं मनात ठेवलं, तर त्या जागी पोडियम पार्किंग येईल आणि आपण म्हणू, "पूर्वी इथे किती छान अंगण होतं!"

खोताच्या वाडीतून शेवटचा गेलो तेव्हा एका व्हरांड्यातल्या आजोबांनी मला हाक मारली, "काय, कोणाकडे?" पूर्वीही असंच विचारायचे. मला ओळखलं नव्हतं त्यांनी, पण विचारलं. आपल्या नव्या इमारतीतही असं विचारायला कोणी बसलेलं असावं आणि त्याला बसायला जागा असावी, एवढीच या रौप्यमहोत्सवी वर्षात इच्छा.