अ‍ॅनिमेशनपट, काव्य-लोककथाधारित

कविता, गीत किंवा लोककथा यांवर रचलेला चित्रचालित चित्रपट.

उगम : लोटे रायनिगर यांनी अरबी कथांवरून १९२६ मध्ये जर्मनीत पूर्ण लांबीचा छायापट केला (पहा : छायानाट्य). भारतात फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतील व्यंगपट विभागाने जातककथेवरून ‘द बनियन डीअर’ (१९५७) निर्मिला. डिस्नेचे क्लेअर वीक्स यांनी तेथील चित्रकारांना प्रशिक्षण दिले होते (पहा : जातककथा).

वैशिष्ट्ये : गीतपटात बहुधा ध्वनिमुद्रण आधी होते. मग सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने मात्रा मोजून रेखाटने आखतात. त्यामुळे हालचाल तालाला बांधलेली राहते. लोककथेचे पाठभेद अनेक असल्याने पटकथाकाराला एक पाठ निवडावा लागतो.

विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ (१९७४) हा या प्रकारातील सर्वपरिचित भारतीय लघुपट. भीमसेन यांचे अ‍ॅनिमेशन, विनयचंद्र मौद्गल्य यांचे गीत, वसंत देसाई यांचे संगीत आणि साधना सरगम यांचा बालस्वर त्यात आहे. जाळ्यासह उडणारे पक्षी व जाळे कुरतडणारे उंदीर हे कथाबीज पंचतंत्रातील (पहा : पंचतंत्र). सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभला.

महत्त्व : दूरदर्शनमुळे हा लघुपट घरोघर पोहोचला. गीत कथेला थांबवत नाही, पुढे नेते. हे त्याचे मोठे यश. चिनी लोकगीतावरील ‘मुलान’ (१९९८) व जपानी कथेवरील ‘राजकन्या कागुया’ (२०१३) ही अन्य उदाहरणे होत.