'हुई' : एका अक्षराचा प्रवास

चौकोनात आणखी एक छोटा चौकोन. चिनी लिपीतले 'हुई' हे अक्षर असे दिसते. मुळात ते गरगर फिरणाऱ्या पाण्याचे चित्र. त्यावरून वळणे, परत येणे हा अर्थ आला. आजही चिनी माणूस घरी परततो तेव्हा हेच क्रियापद वापरतो. जुन्या चिनी कादंबरीतल्या प्रकरणालाही 'हुई'च म्हणतात.

मग हे अक्षर चीनमधल्या मुसलमानांचे नाव कसे झाले?

तांग काळात उइगुर लोकांचे नाव लिहिताना हे अक्षर केवळ उच्चारासाठी घेतले गेले. ते उइगुर मुसलमान नव्हते. आठव्या शतकात त्यांच्या खानाने मानीचा धर्म स्वीकारला होता. पुढे 'हुईहुई' हा शब्द रूढ झाला. मंगोल राजवटीत इराण आणि मध्य आशियातून आलेल्या मुसलमानांना तो लागला. 1271 मध्ये त्यांच्यासाठी 'हुईहुई' वेधशाळाही निघाली. पण तेव्हा यहुद्यांनाही एक प्रकारचे 'हुईहुई'च समजत. छिंग काळात तारीम खोऱ्यातले तुर्की भाषक मुसलमानही 'हुई' झाले.

1956 मध्ये चीन सरकारने ठरवले की धर्माला 'हुई धर्म' न म्हणता 'इस्लाम' म्हणावे. आता 'हुई' हे तिथल्या दहा मुस्लिम समाजांपैकी फक्त एकाचे नाव आहे. ज्यांच्या नावासाठी हे अक्षर आधी वापरले, ते उइगुर त्यात नाहीत!

सतराव्या शतकात नानजिंगचे आलिम वांग दाइयू यांनी या नावाचा वेगळा अर्थ लावला. हुई म्हणजे परतणे, आणि माणसाला परतायचे आहे ते अल्लाहकडे. मय्यतीची खबर ऐकल्यावर आपण जे म्हणतो, तेच हे. अरबीत परतण्याला 'रुजूअ' म्हणतात. मराठीत आपण कामावर 'रुजू' होतो, तो शब्द तिथलाच.

आपल्याकडेही असेच घडले. 'यवन' म्हणजे मूळचे ग्रीक. पुढे मराठी बखरींत तो शब्द मुसलमानांना लागला. शाळेत मुले विचारतात, "सर, आपण यवन का?" अशा वेळी रागावण्यापेक्षा त्या शब्दाचा इतिहास सांगावा. नाव बहुधा दुसरेच ठेवतात. वांग दाइयूंनी ते नाकारले नाही, त्यात आपला अर्थ भरला. तेवढे तर आपल्याही हातात आहे.