अशिलाचे गुपित आणि क्लाउडमधील फाइल

वकिलाच्या कचेरीतील कागद आता कपाटाइतकेच क्लाउडमध्येही असतात. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरील, इंटरनेटद्वारे वापरता येणारी भाड्याची जागा. फाइल तेथे गेली तरी तिच्या गोपनीयतेचे उत्तरदायित्व वकिलाकडेच राहते.

गोव्यातील फाइलींत पोर्तुगीजकालीन खरेदीखते, एक-चौदाचे उतारे, इन्व्हेंटरी प्रकरणांतील वारसांच्या व मालमत्तेच्या याद्या, विवाहपूर्व करार आणि परदेशस्थ गोमंतकीयांची कुलमुखत्यारपत्रे असतात. परदेशातील अशिलाचे कागद बहुधा ईमेलनेच येतात. असा एखादा कागद भलत्याच्या हाती पडल्यास जमिनीच्या व्यवहारात फसवणुकीला वाट मिळते.

कायदा काय सांगतो?

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम १३२ नुसार अशिलाने व्यावसायिक नात्याने सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीविना वकिलाला उघड करता येत नाही. बेकायदा हेतूसाठी केलेले संभाषण हा त्यातील एक अपवाद. काम संपले तरी हे बंधन संपत नाही. कारकून, कर्मचारी व दुभाषे यांनाही ते लागू आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. कायदेशीर हक्क बजावण्यासाठी आवश्यक अशा डेटा-वापराला कलम १७ ने बरीच सूट दिली आहे. मात्र कलम ८ च्या पोटकलम (१) व (५) ला ही सूट नाही. वाजवी सुरक्षा-उपाय योजणे बंधनकारक आहे आणि आपल्या वतीने डेटा हाताळणाऱ्या कंपनीबाबतची जबाबदारीही टळत नाही, मग करारात काहीही लिहिलेले असो. सुरक्षा-उपायांतील कसुरीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

कुलूप कंपनीचे, किल्ली वकिलाची

इमारत, यंत्रे व वीजपुरवठा कंपनी सांभाळते. खाते, पासवर्ड आणि कोणती फाइल कोणाला दिसावी याचा निर्णय ग्राहकाचा असतो. ‘लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल’ हा पर्याय निवडला गेला, तर कंपनीची सुरक्षा कितीही भक्कम असली तरी निरुपयोगी ठरते.

कायदा-संस्थेच्या माहितीची किंमत पनामा पेपर्स प्रकरणात दिसली. २०१६ मध्ये मोसॅक फोन्सेका या पनामातील संस्थेचे सुमारे १ कोटी १५ लाख दस्तऐवज बाहेर आले. २०१८ मध्ये ती बंद झाली. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ हल्ल्याने डीएलए पायपर या आंतरराष्ट्रीय संस्थेचे फोन व ईमेल ठप्प केले. पहिल्या घटनेत गुपित गेले, दुसरीत काम थांबले. कचेरीला दोन्ही धोके गृहीत धरावे लागतात.

कचेरीत काय करावे?

• प्रत्येकाला स्वतंत्र खाते व द्विस्तरीय पडताळणी असावी. कनिष्ठ वकील वा कारकून काम सोडून गेल्यास त्याच दिवशी त्याचे खाते बंद करावे.
• अतिसंवेदनशील फाइल क्लाउडवर चढवण्यापूर्वीच कूटबद्ध करावी आणि तिची किल्ली अन्यत्र ठेवावी.
• फाइल ठरावीक व्यक्तीलाच, मुदत घालून पाठवावी.
• सिंक म्हणजे बॅकअप नव्हे; संगणकावर पुसलेली फाइल क्लाउडवरूनही पुसली जाते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक कचेरीबाहेर, हा नियम पाळावा.
• करारात डेटा कोठे राहील, गळती झाल्यास केव्हा कळवले जाईल, सेवा सोडल्यावर तो पुसला जाईल का आणि एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाईल का, हे पाहावे.
• पुरावा म्हणून दाखल करायची मूळ फाइल न बदलता वेगळी जपावी. कलम ६३ खालील प्रमाणपत्रात तिचे हॅश मूल्य नमूद करावे लागते आणि फाइलमधील एका अक्षराच्या बदलानेही ते बदलते.

गळती झाल्यास

पासवर्ड बदलावेत, सर्व उपकरणांवरून खाते बाहेर काढावे आणि नोंदी पुसू नयेत. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार व कंपन्यांनी सायबर घटना ६ तासांत कळवायची असते. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. अशिलालाही विलंब न लावता कळवावे. गुपित त्याचे आहे आणि पुढील सावधगिरी त्यालाच घ्यायची आहे.