सरकी काढताना रुई जाऊ नये: मॅमोग्रामच्या छाटणीची गोष्ट

मी वर्ध्याहून बोलतोय. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कापूस घातला की रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, कॉम्प्युटरकडे तपासायला देण्याआधी असंच करावं लागतं. त्याला म्हणतात इमेज सेगमेंटेशन.

सुरुवात १९१३ ची. बर्लिनचे सर्जन आल्बर्ट सालोमन यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे एक्स-रे अभ्यासले. १९६७ मध्ये, म्हणजे सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी, विन्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी अशा फिल्म स्कॅन करून कॉम्प्युटरकडून तपासून पाहिल्या.

पण कॉम्प्युटर भाबडा! फिल्मवरची डावी-उजवीची अक्षरं, चिकटपट्टी, ओरखडे, सगळं त्याला सारखंच. १९७९ मध्ये जपानच्या नोबुयुकी ओत्सु यांनी उजेड-अंधाराची सीमा आपोआप ठरवणारं गणित मांडलं. त्यानं काळी पार्श्वभूमी वेगळी करायची, सगळ्यात मोठा पांढरा तुकडा ठेवायचा, बाकीची लेबलं पुसायची. झालं?

नाही ना! तिरप्या मॅमोग्राममध्ये वरच्या कोपऱ्यात छातीच्या स्नायूचा त्रिकोण दिसतो, तोही गाठीसारखाच पांढरा. १९९८ मध्ये नेदरलँड्सच्या निको कार्सेमायर यांनी त्याची कड सरळ रेषा समजून शोधली. पण ती कड बऱ्याचदा वाकडी असते. म्हणून २००४ मध्ये फेरारी, रंगय्यन आणि सहकाऱ्यांनी गॅबर फिल्टर वापरून वळणासकट कड पकडली.

एका रेषेसाठी एवढा आटापिटा का? कारण स्तनाच्या कॅन्सरच्या गाठी सगळ्यात जास्त काखेकडच्या वरच्या भागात होतात, म्हणजे त्या स्नायूच्या शेजारीच. छाटणी जरा जास्त झाली, तर गाठच कापली जाते आणि कॉम्प्युटर बिनधास्त सांगतो, सगळं ठीक आहे!

आणखी एक. अशा कितीतरी पद्धती १६१ ब्रिटिश स्त्रियांच्या ३२२ फोटोंच्या 'मियास' संग्रहावर तपासल्या गेल्या. तरुण स्त्रियांचे स्तन बहुधा दाट असतात, फोटोत ते जास्त पांढरे दिसतात आणि गाठ त्यात लपते. म्हणून मला वाटतं, आपल्या गावच्या बायांवर वापरायचं सॉफ्टवेअर आधी आपल्याकडच्या फोटोंवर तपासायला हवं. आणि छाटलेला फोटो कॉम्प्युटरला. डॉक्टरांनी पूर्णच पाहावा.

घरी आईला, मावशीला एवढं सांगा: हाताला गाठ लागली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. सरळ दवाखाना गाठा.